सीताबाईचा सहा फुटी फोटो

प्रफुल्लने कॅमेऱ्याच्या पोटात माणसांच्या दोन जाती करून ठेवल्या होत्या. एक वरची, एक खालची. वरच्यांसाठी फोटोची क्वालिटी सगळ्यात मोठी, म्हणजे फोटो भिंतीएवढा केला तरी भुवईचा केस न् केस दिसावा. खालच्यांसाठी सगळ्यात लहान. कॅमेऱ्याच्या मेनूत त्या लहानाला ‘एस-थ्री’ म्हणतात. तो मोबाइलवर पाहायला ठीक असतो आणि त्यापलीकडे कशालाच ठीक नसतो. समोरचा माणूस कुठल्या जातीचा, हे प्रफुल्ल त्याच्या पायातली चप्पल पाहून ठरवायचा आणि मग बटण फिरवायचा.

बरं, यात त्याचं वाचत काय होतं? काही नाही. मोठा फोटो काढायला बोट जास्त जोरात दाबावं लागत नाही. कार्ड भरलं तर रिकामं करून पुन्हा वापरता येतं. पण प्रफुल्लचं म्हणणं असं, की ज्याला कळत नाही त्याला चांगलं द्यावं कशाला. “हे लोक फोटो पाह्यतात कशावर? फुटक्या काचेच्या मोबाइलवर. त्याइले काय फरक पडते?” असं तो बायकोला सांगायचा. बायको मेघा दुकानातच संगणकावर बसून अल्बम तयार करायची, त्यामुळे कोणाच्या वाट्याला काय आलं हे तिला रोज दिसायचं. ती आधी बोलायची. पुढे पुढे नुसती पाहायला लागली.

दुकान पुलगावात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. प्रफुल्ल मात्र मूळचा नाचणगावचा. म्हणजे दूरचा नव्हेच, दोन्ही गावांची घरं आता एकमेकांना टेकायला आली आहेत. वडील प्रेमदास कापडाच्या गिरणीत कामाला होते, आणि माणसामाणसांत फरक करायचा नाही, हे त्या घरात पोरांना पंचशिलेच्या आधी शिकवलं जायचं. त्या घरचा हा दिवा. कोणी गाव विचारलं की तो ‘वर्ध्याकडचा’ म्हणायचा, गिऱ्हाइकापुढे ‘हाय-नाई’ सोडून ‘आहे-नाही’ बोलायचा, आणि नाचणगावच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेला की त्याचं बोट न विचारता एस-थ्रीवर जायचं. परक्यांना निदान चप्पल पाहून तरी न्याय मिळायचा. आपल्या माणसांना तेवढाही नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडी एका दुपारी त्याची आत्या सीताबाई दुकानात आली. प्रेमदासची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, समोरचे दात गेलेली, कपाळावर हिरवं गोंदण. सोबत धम्मदीप होता, गावातल्या विहार समितीचं सगळं धावपळीचं काम पाहणारा तरुण. दुकानात त्या वेळी रूपराव बसले होते. कापसाच्या जिनिंगचे मालक, मोठं प्रस्थ. मुलीच्या, सुरभीच्या, लग्नाचं काम द्यायचं की नाही या बोलण्यात होते.

“जयभीम बाबू,” आत्या दारातूनच मोठ्याने म्हणाली.

प्रफुल्लने मान हलवली. ओठही थोडे हलले असतील. रूपरावांना ऐकू जाईल एवढे नाहीत. मेघा मात्र उठली, “जयभीम आत्या” म्हणाली, आणि फोटो काढायच्या खोलीतलं गोल स्टूल आणून तिला बसायला दिलं.

सीताबाई बसली. विहार तिचाच होता म्हणा ना. गावाला नवा विहार बांधायचा ठरला तेव्हा ती डोक्यावर घमेलं घेऊन दारोदार फिरली होती. पैसे देतो म्हणणाऱ्याला ती म्हणायची, पैसे समितीले दे, मले इटा दे. ज्याने दिल्या नाहीत त्याच्या ओट्यावर ती बसून राहायची. जेवायची वेळ झाली तरी उठायची नाही, शेवटी घरची सूनच लाजून मागच्या आवारातल्या विटा काढून द्यायची. अशा घराघरांतल्या विटांनी एक अख्खी भिंत उभी राहिली. म्हणून गावाने ठरवलं होतं की बुद्धपौर्णिमेला उद्घाटन करायचं आणि पहिली मेणबत्ती सीताबाईने लावायची.

“त्याचा फोटो काढजो बाबू,” ती म्हणाली. “माहा एकबी धड फोटो नाई. आधारकार्डावर हाय, त्यात तं चोट्टी दिसून राह्यली मी. हा बरा येऊ दे. अभ्यासिकेत लावाचा म्हनते धम्मदीप. पोरं रोज पाह्यतीन.”

“दादा, मोठा लावाचा हाय,” धम्मदीप म्हणाला. “पुरी भिंत त्याच्यासाठीच सोडली आपन. विहाराच्या बाजूची अभ्यासिका हाय नं, पोरं परीक्षेचा अभ्यास करतीन तिथं, त्या भिंतीवर.”

“करतो मोठा,” प्रफुल्ल म्हणाला. तो रूपरावांना जुना अल्बम दाखवत होता, मान वर करायला त्याला सवड नव्हती. गिऱ्हाईक नेहमीच ‘मोठा’ म्हणतं. नाचणगावचा ‘मोठा’ म्हणजे किती, हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. कॅलेंडरएवढा दिला की खूश होतील. निघताना आत्याने त्याच्या गालावरून हात फिरवला, तेव्हा तो रूपरावांकडे पाहून ओशाळं हसला. जणू अंगावर काही सांडलं होतं.

बुद्धपौर्णिमा उजाडली आणि दुसऱ्याच दिवशी सुरभीचं लग्न होतं. काम प्रफुल्लला मिळालं होतं. दोन मोठी कार्डं, सगळ्या बॅटऱ्या, दोन्ही फ्लॅश, दिव्यांचे स्टँड, सगळं त्याने लग्नासाठी पुसूनबिसून मांडून ठेवलं. नाचणगावला जाताना जुनं, लहान कार्ड कॅमेऱ्यात घातलं.

“एक फ्लॅश तं घ्या,” मेघा म्हणाली. “संध्याकाळ होईन. अन् आत्याचा फोटो हाय, क्वालिटी वर ठेवजा.”

“फ्लॅश चार्ज होऊन राह्यला,” तो म्हणाला. “तिथं काय फिल्म काढाची हाय? आयएसओ वाढवला की झालं.”

आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद. ती वाढवली की कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं, पण फुकट नाही. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात, आणि जितकी वाढवाल तितके जास्त. शहाणा फोटोग्राफर आधी उजेड आणतो आणि उजेड नसेल तरच आयएसओला हात लावतो. प्रफुल्ल शहाणा होता, फक्त सगळ्यांसाठी नव्हता.

तो पोहोचला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि विहार माणसांनी भरला होता. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, लहान पोरांच्या हातात निळे झेंडे. भन्तेजी आसनावर बसले आणि नेमकी वीज गेली. नव्या खिडक्यांतून थोडा संधिप्रकाश येत होता तेवढाच. कोणीतरी “जनरेटर आनू काय?” म्हणालं. भन्तेजी म्हणाले, राहू द्या, मेणबत्तीच लावायची आहे ना. प्रफुल्लने उंबऱ्याबाहेर उभं राहून क्वालिटी एस-थ्रीवर नेली, आयएसओ जवळजवळ टोकाला नेला आणि जांभई दिली.

मग सीताबाई पुढे आली. नवं पांढरं लुगडं, पदर डोक्यावरून. धम्मदीपने काडी ओढून दिली, तिने मेणबत्ती पेटवली आणि वाऱ्याने जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केला. मूर्तीपुढे ती लावली आणि तशीच वाकलेली राहिली. ज्योत तिच्या तोंडाजवळ होती. सुरकुत्या, गोंदण, ओले डोळे, मागे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, सगळं त्या एका ज्योतीच्या उजेडात आलं.

प्रफुल्लच्या बोटाने दोन-तीन फोटो घेतले. आणि खरं सांगायचं तर तो क्षणभर हलला. कामात मुरलेला डोळा होता त्याचा, समोर काय आहे ते त्याला दिसलं. वर्षाकाठी असा एखादाच फोटो हाताला लागतो. क्वालिटी वाढवावी असं त्याच्या मनात आलं. मेनूत जायचं, दोन बटणं दाबायची, आयएसओ थोडा उतरवायचा, खांबाला टेकून श्वास धरायचा. आत्या अजून वाकलेलीच होती. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. रूपराव. तो कॅमेरा छातीवर सोडून “बोला साहेब” म्हणत बाहेर गेला, आणि लग्नाच्या गेटपाशी दिवे कुठे लावायचे यावर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा सीताबाई खाली बसली होती आणि खीर वाटायला सुरुवात झाली होती.

खीर संपायच्या आत त्याने फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिले. एस-थ्रीचा हाच फायदा, झटकन जातात. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर दाणेही दिसत नव्हते आणि काहीच वाईट दिसत नव्हतं. धडाधड हात जोडले गेले, फुलं आली, ‘एक नंबर दादा’ आलं. सीताबाईने कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिला आणि तोंडाला पदर लावून हसली. प्रफुल्लने मोटरसायकलला किक मारताना मनाशी म्हटलं, पाहा, काय कळतं यांना!

सुरभीच्या लग्नात मात्र त्याने जीव ओतला. सगळ्यात मोठी क्वालिटी, चारी बाजूंनी दिवे, आयएसओ खाली. वधूच्या बांगडीवरची नक्षी, जेवणातल्या बुंदीचा दाणा, रूपरावांच्या फेट्याची किनार, सगळं असं आलं की हात लावून पाहावं. पण मंडपात त्याच्या पुढ्यात नागपूरहून आणलेला एक पोरगा मोबाइल घेऊन नाचत होता आणि घरचे लोक प्रफुल्लला सारखे “भाऊ, बाजूला व्हा नं जरा, रील चालू हाय” म्हणत होते. जेवायला त्याला मांडववाल्याच्या पोरांच्या पंगतीत बसवलं. लग्नानंतर अल्बमसाठी फोटो निवडायला त्या घरचं कोणी फिरकलंच नाही. सुरभीने मोबाइलवरचेच सगळीकडे टाकले. ते भिंतीएवढे होणारे फोटो हार्ड डिस्कमध्ये पडून राहिले, आणि या गोष्टीचा प्रफुल्लला राग आला तो सुरभीच्या घरच्यांचा नाही, तर रीलवाल्या पोराचा. मोठ्या लोकांवर रागवायची त्याला सवयच नव्हती.

पावसाळा गेला. अभ्यासिकेची रंगरंगोटी झाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती पोरांसाठी उघडायची आणि त्याच दिवशी सीताबाईचा फोटो लावायचा असं ठरलं. त्याच्या थोडं आधी धम्मदीप दुकानात आला तो हरखूनच.

“दादा, चौकट तयार झाली. सागवानाची हाय. आपल्या निकेशनं केली, रंधा मारून मारून आरशावानी केली लेकानं. काच बी आनली. आता फोटो देऊन द्या.”

“देतो. माप काय?”

“सहा बाय चार.”

“इंच?”

धम्मदीप हसला. “फूट, दादा. तुमाले सांगतलं होतं नं, पुरी भिंत सोडली म्हनून.”

प्रफुल्लने “हो, हो” म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं. मग मेघाच्या मागे जाऊन उभा राहिला. तिने फोटो उघडला, पडद्यावर मोठा केला, अजून मोठा केला. आधी डोळ्यांच्या कडा गेल्या. मग गोंदण गेलं. मग आत्याचं तोंड चौकोनी ठिकऱ्यांत फुटलं आणि त्या ठिकऱ्यांवर दाण्यांचा सडा पडला. ज्योतीच्या जागी पिवळा डाग होता.

मेघाने हात मागे घेतला. “एस-थ्रीवर काढले तुम्ही? आत्याचे?”

“मोबाइलवर तं बरे दिसत होते.”

“मी सांगतलं होतं.”

“मले काय माहीत सहा फुटी लावतीन? सहा फुटी कोन लावते घरच्या बाईचा?”

“ज्याले ती तेवढी वाटते तो लावते,” मेघा म्हणाली. ती आवाज चढवत नव्हती, तेच त्याला जास्त लागलं. “सुरभीच्या चपलेचा फोटो बी सहा फुटी होते. मी पाह्यला. चपलेचा.”

तो चिडला, दुकानाबाहेर जाऊन पानटपरीवर उभा राहिला, परत आला. चूक कबूल करायची म्हणजे नाचणगावात जाऊन करायची, आणि नाचणगावापुढे मान खाली घालणं त्याच्या हिशेबातच नव्हतं. इंटरनेटवर आता एक सोय निघाली आहे. अस्पष्ट फोटो दिला की ती स्वतःच्या मनाने साफ करून देते, जे दिसत नाही ते कल्पनेने भरते. त्याने आत्याला त्या सोयीच्या हवाली केलं. परत जे आलं ते झळझळीत होतं. दाणे गायब, कडा स्वच्छ, ज्योत सोन्यासारखी. प्रफुल्ल खुर्चीवर रेलून बसला.

“झालं नं!” तो म्हणाला.

मेघाने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. “ही आत्या नोहे.”

“त्याइले नाई समजत.”

तो नागपूरला गेला, सहा बाय चारच्या कॅनव्हासवर फोटो छापून घेतला आणि आदल्या दिवशी दुपारी गुंडाळी घेऊन नाचणगावला निघाला. मेघा पर्स घेऊन न विचारताच मागे बसली.

अभ्यासिकेत ताज्या रंगाचा वास होता. निकेशची चौकट भिंतीला टेकवून उभी केली होती आणि खरोखरच ती चौकट पाहण्यासारखी होती. धम्मदीप, समितीतले दोघं-तिघं आणि दोन-चार बाया जमल्या. सीताबाईला खुर्चीवर बसवलं होतं. तिने केसांना तेल लावलं होतं, उद्घाटनाचंच पांढरं लुगडं नेसली होती. आपला फोटो भिंतीवर जाताना आपणही नीट दिसावं, एवढी हौस होती तिला.

प्रफुल्लने गुंडाळी सोडली आणि दोन्ही हातांनी उंच धरली. “घ्या,” तो म्हणाला. “एवढा मोठा फोटो पूर्ण तालुक्यात कोणाचा नाही.”

सगळे पाहत राहिले. सीताबाई खुर्चीवरून उठली, जवळ आली, डोळे बारीक करून वर-खाली पाहिलं.

“फोटो लय बेस हाय बाबू,” ती म्हणाली. “पन हे कोन बाई होय?”

“तूच तं होय आत्या.”

“मी?” तिने आणखी जवळ तोंड नेलं. “माह्या तोंडात दात हाय काय?” आणि मागे वळून बायांना आपलं बोळकं उघडून दाखवलं. बाया फिसकन हसल्या. कॅनव्हासवरच्या बाईला समोर पांढरे शुभ्र, एका रांगेतले दात होते. गाल गुळगुळीत होते. कपाळ कोरं होतं.

“माहं गोंदन कुठी गेलं? मायनं गोंदवलं होतं ते.”

प्रफुल्ल काहीबाही सांगायला लागला. उजेड कमी होता, वीज गेली होती, मशीनची एक मर्यादा असते, आयएसओ वाढवला की असं होतं. धम्मदीपने खिशातून मोबाइल काढला आणि ग्रुपवरचा मूळ फोटो उघडून पुढे धरला.

“दादा, हे तं आत्याच हाय. गोंदन बी दिसते. हाच मोठा करून द्या नं.”

“तो मोठा होत नाई.”

“काऊन?”

“नाई होत रे! लहान क्वालिटीवर निघाला. तुमाले नाई समजाचं ते.”

‘आहे-नाही’ कुठल्या कुठे गेलं होतं. त्याच्या काखा ओल्या झाल्या होत्या. कॅनव्हास धरून हात भरून आले होते, पण तो खाली ठेवावा हेही त्याला सुचत नव्हतं.

“बाबू,” सीताबाई म्हणाली, “मशीनचं मले खरंच नाई समजत. मले एवढं सांग, रूपरावच्या पोरीच्या लग्नात तुह्याजवळ हेच मशीन होतं काय?”

“हेच होतं.”

“मंग तिचा मोठा होते?”

प्रफुल्लने मेघाकडे पाहिलं. तू काही बोलू नको, असं ते पाहणं होतं. नवऱ्याच्या त्या नजरेला मेघा इतकी वर्षं मान देत आली होती. आज तिने दिला नाही.

“होते, आत्या,” ती म्हणाली. “या भिंतीएवढा होते.”

बाया हसायच्या थांबल्या. सीताबाई परत जाऊन खुर्चीवर बसली. तिचे डोळे भरले असते तर प्रफुल्लला बरं वाटलं असतं. रडणाऱ्या बाईची समजूत घालता येते. पण ती रडली नाही, नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

“मी पुन्हा काढून देतो,” तो घाईघाईने म्हणाला. “आत्ताच. पुलगावहून लाइट घेऊन येतो, फ्लॅश आणतो, सगळ्यात मोठी क्वालिटी ठेवतो. आत्या, तू फक्त मूर्तीपुढे मेनबत्ती लाव अन् तशीच वाक. कोनाले समजत नाई की आजचा हाय म्हनून.”

“मले समजते नं,” सीताबाई म्हणाली. “पयली मेनबत्ती लावून झाली माही. आता तुह्यासाठी बुद्धापुढं नाटक करू काय?”

धम्मदीप उगाच मोबाइल पुसत राहिला. उद्या पाहुणे येणार, पत्रिका वाटून झालेल्या, आणि भिंत रिकामी, ही पंचाईत प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती.

मग मेघाने पर्स उघडली. मूळ फोटोची एक प्रत तिने दुकानात काढली होती, तळहाताएवढी. तेवढ्या आकारात तो अजून नीट राहत होता. ती आत्याला घरी द्यायला आणली होती, भिंतीसाठी नव्हे. तिने ती सीताबाईच्या हातात ठेवली.

सीताबाईने ती खिडकीच्या उजेडात धरली. सुरकुत्या होत्या. बोळकं होतं. गोंदण होतं. हाताच्या आडोशामागे ज्योत होती.

“हे मी होय,” ती म्हणाली. तिने चौकटीकडे बोट केलं. “धम्मदीप, हे त्याच्यात लाव. बरोबर मधात.”

“आत्या, एवढ्या मोठ्या चौकटीत एवढुसा? चारी बाजूनं कोरा कागद दिसन नं. पाव्हने उद्या विचारतीन, एवढा लहान काऊन?”

“विचारतीन तं सांगजो,” सीताबाई म्हणाली. “जेवढी मी याले दिसली, तेवढी लावली.”

प्रफुल्लच्या हातातून कॅनव्हासचं एक टोक सुटलं आणि ती बाई, दातांची, स्वतःभोवती गुंडाळत खाली गेली. तो म्हणाला, “आत्या, असं करू नको. लोक हसतीन मले.” त्याचं म्हणणं खरं होतं आणि ते कोणी नाकारलंही नाही. धम्मदीपने पांढरा जाड कागद आणला, निकेशच्या चौकटीच्या मापाने कापला आणि मधोमध तो तळहाताएवढा फोटो चिकटवला. एकाने खिळे ठोकले. चौघांनी मिळून चौकट उचलून भिंतीवर टांगली. दारातून पाहिलं तर भलीमोठी कोरी चौकट दिसत होती. आत काय आहे हे कळायला भिंतीजवळ जाऊन काचेला नाक लावावं लागत होतं, आणि बाया एकेक करून जात होत्या, नाक लावत होत्या आणि परत येताना प्रफुल्लकडे पाहत होत्या.

तो कॅनव्हास गुंडाळून निघायला लागला. दारापाशी थांबला, आत्या काहीतरी बोलेल म्हणून. लहानपणी कितीही मारामाऱ्या करून आला तरी ती शेवटी “जेवला काय बाबू” म्हणून विचारायचीच, आणि तेवढं एक वाक्य आज ऐकायला मिळालं असतं तर तो बाकी सगळं गिळायला तयार होता.

सीताबाईने मेघाला हात धरून आपल्या शेजारी बसवून घेतलं. मग धम्मदीपला हाक मारली.

“धम्मदीप, त्या फोटोवाल्या साहेबाइले चहा दे बाबू. लांबून आले ते.”